हिपॅटायटिस बी असताना बाळाला अंगावर पाजायचं आणि गोळीही घ्यायची: पहिल्या दिवसापासून नवव्या महिन्यापर्यंत

माझ्या पहिल्या बाळंतपणात दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर पावडरच्या दुधाचा डबा आणि वाटी-चमचा घेऊन आल्या. "तुमची पांढरी कावीळ पॉझिटिव्ह आहे, वर गोळीही चालू आहे. अंगावर पाजू नका," एवढं सांगून पुढच्या खाटेकडे गेल्या. चौथ्या दिवशी दूध दाटलं, छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. आई गरम पाण्याच्या फडक्याने शेकायची आणि मी ते दूध पिळून मोरीत ओतायचे. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी यकृताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फाइल चाळली, बाळाला दोन्ही इंजेक्शनं पहिल्याच दिवशी मिळाल्याची नोंद पाहिली आणि विचारलं, "मग दूध का तोडलं?"

त्या दुधाचं मला अजूनही वाईट वाटतं. धाकटीच्या वेळी गोळी आणि दूध दोन्ही एकत्र चाललं, चांगलं दीड वर्ष. तेव्हापासून ओळखीतून, नात्यातून कुणाची ना कुणाची सून, मुलगी, भाची हाच प्रश्न घेऊन फोन करते. मी डॉक्टर नाही. तुमची गोळी ठरवणार तुमचे डॉक्टरच, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं, कुठला कागद न्यायचा आणि कुठल्या भीतीला थारा द्यायचा नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बाळाचं रक्षण करतात ती जन्मानंतरची इंजेक्शनं. बाळंतपणानंतर गोळी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारं रोजचं औषध, असते ती आईच्या यकृतासाठी. या दोन्हींसाठी दूध तोडावं लागत नाही. "औषध घेऊ की दूध पाजू" असा प्रश्न कुणी समोर ठेवला, तर तो प्रश्नच चुकीचा मांडला गेलाय असं समजा.

पहिली पायरी: प्रसूतीच्या आधी इंजेक्शनची सोय पक्की करा

तुम्ही अजून बाळंत व्हायच्या असाल तर हा भाग दोनदा वाचा. आईला हिपॅटायटिस बी, म्हणजे पांढरी कावीळ, असेल तर विषाणू बाळापर्यंत पोचण्याची खरी वेळ प्रसूतीची असते, कारण तेव्हा बाळ आईच्या रक्ताच्या आणि स्रावांच्या थेट संपर्कात येतं. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत हा विषाणू कायमचं ठाण मांडतो. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत तो टिकतो. बाळाच्या बाबतीत इतकी घाई का करायची, ते यावरून कळेल.

बाळाला दोन इंजेक्शनं लागतात. एक हिपॅटायटिस बीची लस, जन्मानंतर २४ तासांच्या आत. ही सरकारी लसीकरणात मोफत आहे आणि प्रत्येकच बाळाला देतात. दुसरं हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. लस शरीराला लढायला शिकवते, त्याला वेळ लागतो. तोवर ही तयार प्रतिपिंडं राखण करतात. हे दुसरं इंजेक्शन फक्त पॉझिटिव्ह आईच्या बाळाला लागतं आणि तेही शक्यतो पहिल्या १२ तासांत, फार तर २४ तासांत.

घोळ होतो तो या दुसऱ्या इंजेक्शनचा. ते प्रत्येक दवाखान्याच्या फ्रिजमध्ये नसतं, बाहेरून आणायचं तर काही हजार रुपये पडतात, आणि बाळ रात्री दोन वाजता जन्मलं तर तालुक्याच्या गावात ते उघड्या दुकानात मिळेलच असं नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. म्हणजे तपासण्या सासरच्या शहरात, प्रसूती माहेरच्या गावात, आणि आठव्या-नवव्या महिन्यात डॉक्टर बदललेले. माहेरी गेल्यावर पहिल्याच भेटीत सांगा: "माझी एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आहे, बाळासाठी इम्युनोग्लोब्युलिन आणून ठेवाल का, की आम्ही आणू?" राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात हे इंजेक्शन, विषाणूची तपासणी आणि गोळ्या मोफत देण्याची तरतूद आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा.

गोळी चालू असेल तर माहेरी जाताना निदान तीन महिन्यांच्या गोळ्या बरोबर घ्या. मधेच गोळ्या संपल्या म्हणून खंड पडणं हे हिपॅटायटिस बीमध्ये साधं प्रकरण नाही. का, ते पुढे येईलच.

दुसरी पायरी: पहिले चोवीस तास

बाळाची मांडी स्वच्छ पुसून एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन. दोन्ही एकाच जागी देत नाहीत. इंजेक्शनाची वेळ फाइलवर लिहून घ्या, नुसती तारीख नको. इम्युनोग्लोब्युलिन मिळालं नाही तर लस त्यासाठी अडवून धरू नका; वेळेवर दिलेली एकटी लसही बाळाला मोठं संरक्षण देते. प्रतिपिंडाचं इंजेक्शन उशिरा हाती आलं तरी विचारा, सात दिवसांपर्यंत ते देतात. मात्र जितका उशीर तितका त्याचा उपयोग कमी.

आणि दूध? लगेच. इंजेक्शन होईपर्यंत थांबायची गरज नाही. पहिलं चिकाचं दूध वाया घालवू नका. आईच्या दुधात विषाणूचे अंश सापडतात, हे खरं आहे. पण इंजेक्शनं मिळालेल्या बाळांत, अंगावर पिणाऱ्या आणि वरच्या दुधावर वाढणाऱ्या, लागण होण्याच्या प्रमाणात फरक आढळलेला नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आणि यकृततज्ज्ञांच्या संघटना हिपॅटायटिस बी असलेल्या आईला पाजायला सांगतात.

तिसरी पायरी: गोळी कशासाठी दिली होती, हे नीट समजून घ्या

फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारते आणि बहुतेकींना उत्तर माहीत नसतं. "गरोदरपणात चालू केली" एवढंच ठाऊक असतं. पुढची सगळी दिशा या उत्तरावर ठरते, म्हणून ते कागदावर लिहून घ्या.

पहिली शक्यता: गोळी बाळासाठी दिली होती. आईच्या रक्तात विषाणू फार असेल, साधारण २ लाख आययू प्रति मिलीच्या वर, तर इंजेक्शनं देऊनही काही बाळांना लागण होते. म्हणून गरोदरपणाच्या उत्तरार्धात टेनोफोविर ही गोळी देऊन विषाणू खाली आणतात. तुमचं यकृत ठीक असेल तर ही गोळी प्रसूतीनंतर लगेच किंवा १२ आठवड्यांच्या आत थांबवता येते. कधी ते डॉक्टरांनी ठरवायचं. "बाळ झालं, काम झालं" म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

गरोदरपणात आईची प्रतिकारशक्ती जरा नमतं घेते, नाहीतर ती बाळालाच परकं समजली असती. प्रसूतीनंतर ती परत जागी होते आणि यकृतात दडलेल्या विषाणूवर तुटून पडते. त्यात यकृताच्या पेशी मरतात आणि एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, एकदम वर जातं. गोळी घेतली असो वा नसो, हा भडका प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत येऊ शकतो. बहुतेक वेळा तो आपोआप शमतो, पण क्वचित गंभीर होतो. म्हणून गोळी थांबवली तरी पुढचे सहा महिने एसजीपीटी तपासत राहायचं. माझ्या डॉक्टरांनी दीड, तीन आणि सहा महिन्यांनी तपासायला सांगितलं होतं. बाळाच्या लसीच्या तारखांजवळच या तारखा ठेवल्या, म्हणून विसरल्या नाहीत. ओल्या बाळंतिणीला थकवा असतोच, त्यामुळे यकृताचा थकवा त्यात बेमालूम लपतो. रक्त तपासल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही.

दुसरी शक्यता: तुम्ही गरोदरपणाच्या आधीपासून गोळी घेत होता, किंवा यकृताला सूज, व्रण, सिरॉसिस आहे म्हणून ती सुरू केली होती. मग ही गोळी तुमचीच आहे आणि दुधासाठी ती बंद करायची नाही. एकाएकी बंद केली तर विषाणू उसळतो आणि आधीच थकलेलं यकृत पार कोलमडू शकतं. मोठ्या मायेने "बाळासाठी दोन वर्षं गोळी सोडते" म्हणणाऱ्या आया मी पाहिल्यात. त्यांना मी हात जोडून सांगते, असं करू नका.

तिसरी शक्यता: आजवर गोळी नव्हती, आता बाळंतपणानंतर डॉक्टर सुरू करू का म्हणताहेत. तुमच्यासाठी पुढची पायरी.

चौथी पायरी: उपचार हवा का, हे ठरवणारे कागद

विषाणू अंगात आहे म्हणून प्रत्येकीला गोळी लागतेच असं नाही. डॉक्टर साधारण या गोष्टी पाहतात: एसजीपीटी, एचबीईएजी (विषाणू जोरात वाढतोय का ते सांगणारी तपासणी), एचबीव्ही डीएनएचं प्रमाण (रक्तात विषाणू किती आहे ते), प्लेटलेट, सोनोग्राफी, आणि फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) मिळत असेल तर तो. घरात कुणाला यकृताचा कर्करोग किंवा सिरॉसिस झाला होता का, हेही न विचारता सांगा. माझ्या मामांचं मी दोन वर्षं सांगितलंच नव्हतं; मला वाटलं ते दारूमुळे.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये आपले निकष बरेच सैल केले. डीएनए २००० आययूच्या वर आणि एसजीपीटी वाढलेलं असेल, किंवा यकृतात व्रणांची खूण असेल, किंवा मधुमेह, एचआयव्हीसारखा जोडआजार किंवा घराण्यात यकृताच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर उपचाराचा विचार करा असं ते सांगतात. इथे एक बारकावा आहे. बहुतेक लॅबच्या कागदावर एसजीपीटीची वरची हद्द ३५ किंवा ४० छापलेली असते. या निकषांत बायकांसाठी ती १९ धरली आहे. म्हणजे ३२ आलेला आकडा लॅबच्या भाषेत "नॉर्मल" असला तरी यकृताचे डॉक्टर त्यावर थांबून विचार करतील. कागदावर आकडा ठळक छापलेला नाही म्हणून फाइल मिटू नका.

उलट एका आकड्याने उगाच घाबरू नका. अल्कलाइन फॉस्फटेज गरोदरपणात वारेमुळे वाढतं आणि बाळंतपणानंतर काही आठवडे वाढलेलंच राहतं. तसंच एसजीपीटी भडकलेलं असताना काढलेला फायब्रोस्कॅन यकृत आहे त्यापेक्षा कडक दाखवतो. तो सूज ओसरल्यावर आणि निदान तीन तास उपाशी पोटी करायचा.

गोळी ठरली तर ती सुरू करण्याआधी आणखी दोन तपासण्या: क्रिएटिनिन आणि एचआयव्ही. क्रिएटिनिन मूत्रपिंडासाठी. एचआयव्ही यासाठी की टेनोफोविर एचआयव्हीवरही चालतं. नकळत एचआयव्ही असताना एकटं टेनोफोविर दिलं तर तो विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. गरोदरपणातला एचआयव्हीचा कागद असेल तर तो दाखवा.

पाचवी पायरी: पाजत असताना कोणती गोळी

इथे निवड वाटते तितकी अवघड नाही. पाजणाऱ्या आईसाठी सर्वांत जास्त अनुभव असलेलं औषध म्हणजे टेनोफोविर डिसोप्रॉक्सिल फ्युमरेट, ३०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. कागदावर टीडीएफ लिहितात. एचआयव्ही असलेल्या गरोदर आणि पाजणाऱ्या लाखो बायकांनी ते वर्षानुवर्षं घेतलं आहे.

दुधातून बाळाला किती जातं, ही प्रत्येक आईची खरी काळजी. याचं उत्तर मला डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं होतं. टेनोफोविर हा रेणू मुळात आतड्यातून रक्तात शिरत नाही, म्हटलं तरी चालेल. म्हणून औषध करताना त्याच्यावर डिसोप्रॉक्सिलचं वेष्टण चढवतात. आईने गोळी गिळली की वेष्टणामुळे तो आतड्याच्या भिंतीतून आत जातो आणि आत जाताच वेष्टण गळून पडतं. मग रक्तातून दुधात जो काही थोडा उतरतो तो उघडा, बिनवेष्टणाचा टेनोफोविर. बाळाच्या पोटात तो गेला तरी बाळाचं आतडं त्याला जवळजवळ आत घेत नाही. आयव्हरी कोस्टमधल्या मातांचं दूध तपासलं तेव्हा बाळाला त्यातून मिळणारं औषध बाळांच्या उपचाराच्या मात्रेच्या फक्त ०.०३ टक्के भरलं. ते चित्र मी घरी आणून सासूबाईंना दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे साल काढलेलं बी उगवत नाही, तसंच की."

दुसरी गोळी टेनोफोविर अलाफेनामाइड, २५ मिलिग्रॅम, म्हणजे टीएएफ. हिच्यामुळे रक्तातलं टेनोफोविर टीडीएफच्या तुलनेत सुमारे ९० टक्के कमी राहतं, म्हणून मूत्रपिंड आणि हाडांवर ताण कमी. मूत्रपिंड नाजूक असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर डॉक्टर ही निवडतात. पाजणाऱ्या आयांचा अनुभव टीडीएफइतका जुना नाही, पण दुधात ती अत्यल्प उतरते असंच आजवर दिसलं आहे. टीएएफ जेवणाबरोबर घ्यायची. टीडीएफला तसं बंधन नाही.

दुकानात होणारा एक गोंधळ. ३०० आणि २५ हे आकडे पाहून "ही कमी पॉवरची दिली" असं वाटतं. तसं नाही, दोन्ही आपापल्या जागी पूर्ण मात्रा आहेत आणि दोन्ही एकदम घ्यायच्या नसतात. शिवाय टेनोफोविरबरोबर इतर औषधं मिसळलेल्या एचआयव्हीच्या गोळ्याही मिळतात आणि त्यांची नावं फार सारखी असतात. पाकिटावरचं मोठं नाव सोडून खालची बारीक ओळ वाचा आणि प्रिस्क्रिप्शनशी शब्दन् शब्द पडताळा. मी चष्मा लावून पडताळते आणि मगच पैसे देते.

एन्टेकाविर हे हिपॅटायटिस बीवरचं उत्तम औषध आहे, पण गरोदरपणात आणि पाजताना ते टाळतात, कारण माणसाच्या दुधाबद्दल पुरेशी माहिती नाही. तुम्ही आधीपासून एन्टेकाविरवर असाल आणि पाजायचं असेल तर डॉक्टर सहसा टेनोफोविरवर बदलतात. हा बदल त्यांच्याकडूनच करून घ्या, मधे एकही दिवस रिकामा न जाता. लॅमिव्हुडिन जुनं आहे आणि दुधासाठी चालतंही, पण विषाणू त्याला लवकर निर्ढावतो. पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत. आज नव्याने सुरू करण्यात अर्थ नाही. इंटरफेरॉनची इंजेक्शनं या काळात सहसा कुणी सुचवत नाही.

काही कंपन्यांच्या पाकिटातल्या घडीच्या कागदावर "स्तनपान टाळावे" असं छापलेलं असतं. तो कागद कंपनीने कायद्याच्या बाजूने सावध राहून लिहिलेला असतो. तो वाचून घरातलं कुणी बिथरलं तर डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शनवर "स्तनपान चालू ठेवावे" असं स्पष्ट लिहून घ्या. पुढच्या दवाखान्यात, सिस्टरसमोर, नणंदेसमोर ती एक ओळ फार उपयोगी पडते.

सहावी पायरी: रोजचं रोज

गोळीची वेळ आणि पाजायची वेळ यांचा मेळ घालत बसू नका. गोळी घेऊन चार तास थांबा, पहिलं दूध पिळून टाका, असलं काही करायची गरज नाही. वेळ मात्र रोज एकच ठेवा. बाळंतिणीला दिवस-रात्रीचं भान नसतं, म्हणून न चुकणाऱ्या कामाला गोळी जोडा. मी सकाळच्या अळिवाच्या खिरीच्या वाटीशेजारी ठेवायची. विसरलात तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

सिझेरियन झालं असेल तर टाक्यांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन देतात. टीडीएफबरोबर ही औषधं फार दिवस घेतली तर मूत्रपिंडावर भार पडतो. दुखणं लांबलं तर स्वतः दुकानातून पट्टी आणण्याऐवजी डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारा. टीबीसाठी रिफॅम्पिसिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर टीएएफ नीट काम करत नाही, तेही सांगा.

बाळंतकाढे, काविळीची माळ, "यकृत साफ करणारी" पुडी. यावर माझं मत स्पष्ट आहे. डिंकाचे लाडू खा, शेपा, ओवा, खारीक खा, मायेने करतात ते सगळं खा. पण काय मिसळलंय ते माहीत नसलेला काढा किंवा पुडी या काळात नकोच. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली होती. आपलं यकृत आधीच एका विषाणूशी झुंजतंय. माळेने अपाय होत नाही, पण माळ घालून तपासणी टाळली तर होतो.

डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली, सारखी मळमळ-उलटी, पोट फुगणं, गुंगी किंवा हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. बाळाला मात्र दुधातल्या औषधासाठी म्हणून वेगळ्या रक्ततपासण्या लागत नाहीत. त्याचं वजन नेहमीसारखं वाढतंय ना, एवढं पाहा.

सातवी पायरी: भेगा पडल्या तर

रक्ताने पसरणारा आजार आहे, म्हणून स्तनाग्राला भेग पडून रक्त आलं तर जिवात धस्स होतं. बाळाला इंजेक्शनं मिळालेली असतील तर धोका फार कमी आहे. तरी बरेच डॉक्टर सांगतात की रक्त येतंय त्या बाजूने थांबा, दुसऱ्या बाजूने पाजा, थांबवलेल्या बाजूचं दूध हाताने पिळून काढत राहा म्हणजे ते दाटणार नाही, आणि रक्त थांबलं की परत सुरू करा.

मुळात भेग पडते ती बाळाने तोंडात नुसतं टोक धरल्यामुळे. बाळाचं पोट आपल्या पोटाला लागेल असं त्याला वळवा, मानेत पिळ नको. नाक टोकासमोर येऊ द्या. जांभई दिल्यासारखं तोंड उघडेल तेव्हा बाळाला छातीकडे आणा, छाती बाळाकडे न्यायची नाही. भोवतालचा काळा भाग बराचसा तोंडात गेला पाहिजे, खालचा ओठ बाहेर उलटलेला आणि हनुवटी छातीत रुतलेली. पहिल्या काही ओढींनंतरही दुखत असेल तर करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून सरकवून सोडवा आणि पुन्हा लावा. धाकटीच्या पहिल्या आठवड्यात मी हे दिवसातून वीसेक वेळा केलं.

बाळ कमी दिवसांचं म्हणून काचेच्या पेटीत असेल, तर तुमचं स्वतःचं दूध पिळून तुमच्याच बाळाला देता येतं. दुसऱ्यांच्या बाळांसाठी दूधपेढीला मात्र ते देता येत नाही. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली. अशा पेढ्या दूध देणाऱ्या आईची हिपॅटायटिस बीसाठी तपासणी करतात आणि पॉझिटिव्ह असेल तर घेत नाहीत. तिथे नकार मिळाला म्हणून आपलं दूध आपल्या बाळालाही वाईट, असं मनात आणू नका.

आठवी पायरी: घरात

ताट-वाटी वेगळी नको, अंथरूण वेगळं नको, बाळाचे मुके घ्यायला हरकत नाही. हा आजार जेवणाने, खोकल्याने, मांडीवर घेतल्याने होत नाही. वेगळं ठेवायचं ते रक्त लागू शकेल असं: ब्लेड, टूथब्रश, नेलकटर. नवऱ्याची आणि घरातल्या सगळ्यांची एचबीएसएजी तपासा. ज्यांना लागण नाही आणि लस झालेली नाही, त्यांनी लस घ्यावी. मोठ्यांना ती शून्य, एक आणि सहा महिन्यांनी तीनदा देतात.

बारशाच्या सुमारास कान टोचतात आणि पुढे जावळ काढतात. सुई नवी, आपल्यासमोर उघडलेली, आणि वस्तऱ्यात नवं पातं. हे कुठल्याही घरातल्या बाळासाठी म्हणते आहे, कारण बाहेरून येणारा विषाणू घर बघून येत नाही.

नववी पायरी: दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, आणि मग नऊ

जन्माची लस ही सुरुवात आहे. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस मिळते, तिच्यात हिपॅटायटिस बीची लसही असते. तारीख चुकवू नका. बाळाला सर्दी आहे म्हणून पुढे ढकलायचं असेल तर नर्सताईंना विचारून ढकला.

आणि मग ती तपासणी, जी अर्ध्याअधिक घरांत राहूनच जाते. ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान बाळाचं रक्त तपासायचं: एचबीएसएजी (लागण झाली का) आणि अँटी-एचबीएस (रक्षण करणारी प्रतिपिंडं किती), या दोनच. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असतेच, त्याच आठवड्यात उरकून घ्या. त्याआधी करू नका, कारण जन्माच्या वेळी दिलेली तयार प्रतिपिंडं रक्तात रेंगाळत असतात आणि लस लागू पडली की नाही ते कळत नाही. नाळेच्या रक्ताची तपासणीही फसवी, तिच्यावरून बाळाला लागण झाली असं ठरवत नाहीत. आणि लॅबवाल्यांनी "पूर्ण पॅनेल" म्हणून अँटी-एचबीसी ही प्रतिपिंडांची आणखी एक तपासणी केलीच आणि ती पॉझिटिव्ह आली तर हादरू नका. ती आईकडून आलेली प्रतिपिंडं असतात आणि दोन वर्षांपर्यंत दिसू शकतात.

एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस १० किंवा त्याहून जास्त आली, तर बाळ सुरक्षित. एचबीएसएजी निगेटिव्ह पण अँटी-एचबीएस १० पेक्षा कमी, तर लसीचे आणखी डोस देऊन पुन्हा तपासतात. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आली तर बाळाला यकृताच्या बालतज्ज्ञांकडे न्या. तसं झालं तरी ते दुधामुळे झालं असं स्वतःला लावून घेऊ नका, लागण बहुधा जन्माच्या वेळीच झालेली असते.

धाकटीचं रक्त काढताना ती इतकी रडली की लॅबमधल्या ताईंनी तिला रबरी हातमोजा फुगवून दिला. संध्याकाळी कागद आला. एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस ४०० च्या वर. आमच्या ह्यांनी तो तीनदा वाचला आणि देवापुढे ठेवला. मी तो दुसऱ्या दिवशी उचलून फाइलमध्ये लावला, माझ्या सहामाही एसजीपीटी, डीएनए आणि क्रिएटिनिनच्या कागदांच्या वर. माझी पुढची सोनोग्राफी त्याच महिन्यात होती.